६/६ नजर आणि सराफ्यातली पायरी

रात्रीचे साडेदहा. इंदूरच्या बडा सराफ्यातल्या सोन्या-चांदीच्या दुकानांची शटरं केव्हाच पडलीत आणि त्यांच्याच ओट्यांपुढे गराडू (तळलेला कंद), भुट्ट्याचा कीस, जलेबा असं सगळं मांडलं गेलंय. ठेल्यावर पांढराफटक एलईडी. दोन पावलं बाजूला, जिथे स्कूटर लावली आहे त्या बोळात, काळोख. नातू सरळ चालत जातो. आजोबा बोळाच्या तोंडाशी थबकतात आणि पायाने जमीन चाचपतात. गेल्याच आठवड्यात डोळे तपासून झालेत, कागदावर दोन्ही डोळ्यांपुढे ६/६ लिहिलंय. मोतीबिंदू नाही, काचबिंदू नाही, साखर नाही. घरातले म्हणतात, ‘नंबर तर बरोबर आहे, उगाच घाबरता.’

उगाच नाही. भरपूर उजेडात, पांढऱ्या पाटीवर, एका जागी थांबलेलं, सुमारे पावणेनऊ मिलिमीटर उंचीचं काळंकुट्ट अक्षर सहा मीटरवरून, हवा तेवढा वेळ घेऊन वाचता येतं, एवढंच ६/६ सांगतो. बोळातल्या पायरीला यातली एकही गोष्ट लागू नाही. तिथे उजेड कमी, दगडावर दगडच असल्याने रंगात फरक नाही, आजूबाजूला माणसं हलताहेत आणि वेळ अर्धा सेकंद. निरोगी म्हातारपण नेमकं इथे चिमटा काढतं. पाटी वाचण्याची ताकद ते बरीच वर्षं शाबूत ठेवतं, त्यामुळे तपासणीत काही सापडत नाही आणि माणूस मात्र खरं बोलत असतो.

पहिला हिशेब उजेडाचा. अंधारात विशीतली बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पंचाहत्तरीत पाचच्या आसपास अडकते. व्यासात फरक दोन मिलिमीटरचा, पण प्रकाश शिरतो तो क्षेत्रफळातून, म्हणजे आवक जवळजवळ निम्मी. पुढे भिंग. त्यात जन्मभर नव्या पेशींचे थर चढतात, जुने बाहेर पडत नाहीत. ते जाड होतं, कडक होतं (चाळिशी लागते ती यामुळे) आणि पिवळसर होतं. बाहुली आणि भिंग मिळून साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर (रेटिनावर) विशीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. हे मोतीबिंदू नसलेल्या चांगल्या डोळ्याबद्दल चाललंय. शिवाय आत शिरलेला प्रकाश भिंगातच विखुरतो. हा विखुरलेला उजेड पासष्टीच्या सुमारास तरुणपणाच्या दुप्पट होतो. समोरून येणाऱ्या बाईकचा दिवा तरुण माणसाला ठिपक्यासारखा दिसतो, आजोबांना त्याच्याभोवती पांढरं धुकं दिसतं आणि त्या धुक्यात रस्त्याची कड बुडते.

इथपर्यंतचं बहुतेकांना ठाऊक असतं. आत पडद्यावर काय होतं, त्याबद्दल मात्र गैरसमज फार.

रेटिनात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोन जातींच्या. शंकूपेशी उजेडात, रंगासाठी आणि बारकाव्यासाठी. दंडपेशी अंधुक उजेडासाठी. माणसाच्या एका डोळ्यात शंकू सुमारे ४६ लाख आणि दंड सुमारे ९ कोटी. संशोधक क्रिस्टीन कर्सिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली २७ ते ९० वयाच्या दात्यांच्या डोळ्यांत या पेशी मोजल्या. मधोमध, जिथे आपण अक्षर वाचतो तिथले शंकू वयाबरोबर घटलेले दिसले नाहीत. पण त्या मध्यबिंदूभोवतीच्या कड्यात दंडपेशी जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झालेल्या. म्हणजे वाचायची जागा भरलेली आणि अंधारात बघायची जागा विरळ. आजोबांच्या कागदावर ६/६ का आलं आणि बोळात पाय का अडखळला, दोन्हींचं उत्तर या एका मोजणीत आहे.

संख्येपेक्षाही जास्त भोवतो तो वेग. ठेल्यावरच्या एलईडीने दंडपेशींमधलं रंगद्रव्य विटतं. ते पुन्हा बनायला अ जीवनसत्त्वापासून तयार झालेला एक रेणू लागतो. हा माल रक्तातून येतो आणि पडद्यामागच्या रंजक पेशींच्या थरात तयार होऊन दंडपेशींना मिळतो. रक्त आणि हा थर यांच्यामध्ये ब्रुखचं पटल म्हणून एक पातळ चाळणी असते. तरुणपणी तिची जाडी साधारण दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हातारपणी दुपटीच्या घरात, आणि वर चरबीचं किटण. चहाच्या गाळणीला साय धरावी तशी. चहा उतरतो, पण थेंब थेंब. अंधाराला पूर्ण सरावायला तरुण डोळ्याला अर्धा-पाऊण तास लागतो. सत्तरीत त्यावर आणखी दहा मिनिटांहून जास्त जातात.

म्हणून झगमगाटातून निघताना बोळाच्या तोंडाशी मिनिटभर थांबणं हा भित्रेपणा नाही, फक्त एक मिनिट पुरेसं नाही. त्यापेक्षा एक डोळा आधीपासून मिटून ठेवावा. दोन्ही डोळे वेगवेगळे सरावतात, त्यामुळे ठेल्यापाशी पाच-सात मिनिटं मिटलेला डोळा बोळात उघडला की त्यातून पायरीची कड आधी दिसते. लोक बघतील, बघू द्या.

घरातही हेच. रात्री लघवीला उठलं की ट्यूब लावतात, परत येताना ती बंद करतात आणि पलंगाच्या पायाला अंगठा ठेचकाळतो. ट्यूब लावायचीच नाही. देवघरात असतो तसा लाल झिरोचा बल्ब घोट्याच्या उंचीवर, मोरीच्या वाटेवर, अर्ध्या वॅटचा. दंडपेशी लाल उजेडाला जवळजवळ दादच देत नाहीत, त्यामुळे शंकूंना वाट दिसते आणि दंडपेशींची जमा झालेली पुंजी खर्च होत नाही. झोपायच्या खोलीत निळा झिरो लावायची आपल्याकडे हौस आहे, तो मात्र उलटा पडतो. पिवळं भिंग त्यातलं बरंचसं गिळतं, उरलेलं विखुरतं आणि जे पडद्यावर पोचतं ते दंडपेशींनाच दिपवतं. आणि हो, गाळणी तुंबलीय म्हणून दूध जास्त ओतू नये. आहारात कमतरता नसताना अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, ते यकृतात साठतं आणि जास्त झालं की नुकसान करतं.

चेतातंतूंचं थोडक्यात. प्रत्येक डोळ्यातून मेंदूकडे दहा-बारा लाख तंतू जातात आणि वयाबरोबर दरसाल काही हजार कमी होतात. ओसीटी स्कॅनमध्ये (पडद्याचे थर दाखवणारी तपासणी) या तंतूंच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये येते आणि दर दशकाला साधारण दोन मायक्रॉनची घट वयाच्या खाती मांडलेली असते. यंत्र तुमची तुलना तुमच्या वयाच्या लोकांशी करतं. त्यामुळे रिपोर्टातला हिरवा, म्हणजे ‘ठीक’ सांगणारा पट्टा म्हणजे ‘विशीतल्यासारखा’ असं समजू नये, आणि दोन वर्षांत पाच-सहा मायक्रॉन गेले असतील तर हिरवा असूनही डॉक्टरांना जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवून विचारावं. दरवर्षी नव्या ठिकाणी, नव्या यंत्रावर स्कॅन काढला तर ही तुलनाच होत नाही. फाइल सांभाळा.

आता मेंदू. मला यातला हाच भाग सर्वांत रंजक वाटतो आणि तपासणीच्या खोलीत याचाच उल्लेख होत नाही.

झोपताना डोक्याचा जो भाग उशीला टेकतो, त्याच्या आत पहिलं दृष्टिकेंद्र आहे. ‘म्हातारपणी मेंदूच्या पेशी मरतात’ हे वाक्य आपण सहज फेकतो, पण वयस्क माकडांच्या या भागात मोजल्यावर पेशी जवळजवळ तेवढ्याच सापडल्या. बिघडतं ते त्यांचं वागणं. इथली प्रत्येक पेशी आवडीनिवडीची असते. एक उभ्या रेषेला उत्तर देते, दुसरी तिरक्या, तिसरी फक्त डावीकडून उजवीकडे सरकणाऱ्या कडेला. २००० सालापासून संशोधक ऑडी लेव्हेंथल यांच्या गटाने म्हाताऱ्या माकडांत दाखवलं की ही आवडनिवड सैल पडते. पेशी कुठल्याही रेषेला उत्तर देऊ लागतात आणि समोर काही नसतानाही बडबडतात. सराफ्यात एक ठेलेवाला हाक मारतो तेव्हा काय विकतोय ते कळतं. पन्नास जण एकदम ओरडले की फक्त गलका.

ही बडबड आवरायचं काम मेंदूत गाबा नावाचं रसायन करतं. शेजारच्या पेशीला ‘गप्प बस’ म्हणणारं. त्याच गटाने २००३ साली म्हाताऱ्या माकडांच्या दृष्टिकेंद्रातल्या पेशींपाशी थेट गाबा सोडलं आणि प्रयोग चालू असेपर्यंत त्या पेशी पुन्हा निवडक झाल्या. म्हणजे तारा तुटलेल्या नव्हत्या, लगाम सुटला होता. यावरून लगेच औषधाच्या दुकानात जायचं नाही. गाबाचा परिणाम वाढवणाऱ्या झोपेच्या गोळ्या अख्ख्या मेंदूवर काम करतात, आणि वयस्कांत त्यांनी तोल जातो, पडायला होतं.

लगाम ढिला होण्याचा एक गमतीदार फायदाही दिसला. मोठ्या, ठळक पट्ट्यांचा आकार कुठल्या दिशेला सरकतोय हे ओळखायला तरुणांना जास्त वेळ लागतो, कारण मोठा आकार दिसला की त्यांच्या पेशी एकमेकींना दाबतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या लिसा बेट्स, ॲलिसन सेक्युलर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवलं की वयस्कांनी हेच तरुणांपेक्षा कमी वेळात ओळखलं. कानाला सुखद बातमी, पण रस्त्यावर तोट्याची. मागचा मोठा देखावा दाबला जात नसेल, तर त्याच्यापुढून जाणारी छोटी सायकल उठून कशी दिसणार? मात्र लगाम सगळीकडे सारखाच ढिला होतो असंही नाही. आजूबाजूचा भडक नक्षीचा भाग मधल्या फिकट वस्तूला दाबतो, हा परिणाम वयस्कांत उलट वाढलेला आढळलाय. मेंदू एका सरळ रेषेत म्हातारा होत नाही.

मागचं केंद्र असं गोंधळलं की कपाळामागचा भाग मदतीला येतो. मेंदूच्या चित्रणात वयस्कांत मागची हालचाल कमी आणि पुढची जास्त दिसते, अगदी काम बरोबर होत असतानाही. म्हणजे तरुण माणूस जे आपोआप बघतो ते आजी लक्ष देऊन बघतात. लक्ष ही मोजकी वस्तू आहे, ते गप्पांत खर्च झालं की पायरीसाठी उरत नाही. जिना उतरताना आजीशी बोलायचं नाही, मोबाइलवर दाखवायचं नाही, ‘हळू, हळू’ असंही म्हणायचं नाही. हात द्यायचा आणि गप्प राहायचं.

वाहन चालवणाऱ्यांसाठी यातला एक मापदंड आहे: मान न हलवता, एका नजरेत, मधली वस्तू ओळखून कडेची वस्तू कुठे आहे हे गर्दीतून किती वेळात टिपता येतं. पाटी ६/६ वाचणाऱ्या अनेकांत हा वेळ लांबलेला असतो. दहावा हिस्सा सेकंद उशीर झाला तर ताशी ४० किलोमीटरने स्कूटर एक मीटर आणि वर थोडी पुढे गेलेली असते. चौकात उजवीकडे वळताना हे सर्वांत जास्त अडचणीत आणतं, कारण समोरून येणारी गाडी, आडवा जाणारा पादचारी आणि सिग्नल एकाच वेळी बघायचे असतात. शक्य तिथे दोन-तीन डावी वळणं घेऊन फेरी मारून जावं. हा वेळ सरावाने कमी होतो, याला चांगला पुरावा आहे. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या सुमारे २,८०० लोकांवर झालेल्या चाचणीत एका गटाला संगणकावर या वेगाची तासा-सव्वा तासाची दहा सत्रं दिली, आणि त्या कौशल्यात त्यांची सुधारणा वर्षानुवर्षं टिकली. शब्दकोडी सोडवून मात्र हा वेग वाढत नाही. शब्दकोडी छान असतात, त्या कारणासाठी सोडवावीत.

रंगाचं प्रकरण वेगळं, कारण तिथे मेंदू चोख काम करतो. पिवळ्या भिंगातून जन्मभर बघूनही आजीला पांढरं धोतर पांढरंच दिसतं. भिंग जितकं पिवळं होतं तितकी मेंदू पांढऱ्याची खूण सरकवत राहतो. मोतीबिंदू काढून स्वच्छ भिंग बसवलं की काही आठवडे सगळं निळसर दिसतं, मग दोन-तीन महिन्यांत खूण परत जागेवर येते. ऑपरेशन बिघडलं असं समजून घाबरू नये. पण मेंदू खूण सरकवू शकतो, न आलेला प्रकाश आणू शकत नाही. निळा प्रकाशच कमी पोचतो म्हणून गडद निळा आणि काळा, जांभळा आणि तपकिरी यांतला फरक हरवतो. महेश्वरी साडीची किनार निळी की काळी हा वाद दुकानाच्या दिव्याखाली करू नका, दारात उन्हापाशी नेऊन बघा. रंगावरून ओळखायच्या गोळ्या निळ्या-जांभळ्या जोडीत असतील तर डबीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आपली अडचण यातल्या कुठल्या थरातली, हे घरी बरंचसं कळतं. चंदेरी पन्नीवरचं बारीक राखाडी नाव असलेली गोळ्यांची स्ट्रिप घ्या. यापेक्षा वाईट छपाई घरात सापडणार नाही. जाड कागदाला एक मिलिमीटरचं भोक पाडून त्यातून बघा. अक्षर सुधारलं तर चष्म्याचा नंबर बदललाय. नाही सुधारलं तर टेबलदिवा स्ट्रिपपासून हातभर अंतरावर आणा, दिवा डोळ्यांत न येता बाजूने. वाचता आलं तर अडचण उजेडाची आणि ठळकपणाची, म्हणजे वयाची. उजेड वाढवल्यावर उलट पुसट झालं तर मोतीबिंदूची शंका घ्यावी. आणि तपासणीला गेलात की पेली-रॉबसन तक्ता आहे का विचारा. त्यात सगळी अक्षरं सारखीच मोठी, पण दर तीन अक्षरांनंतर ठळकपणा सुमारे ३० टक्क्यांनी उतरतो. बोळातली पायरी कशी दिसते ते हा तक्ता सांगतो. गुण १.५ च्या खाली आले तर ६/६ वर समाधान मानू नये.

काही गोष्टी वयाच्या नावावर खपवायच्या नाहीत. अचानक डोळ्यापुढे ठिपक्यांचा पाऊस, कडेला विजेसारखी चमक, एका बाजूने पडदा सरकल्यासारखं होणं, यात रेटिना निसटत असू शकतो, त्याच दिवशी दाखवायचं. एक डोळा मिटून मोरीच्या टाइल्सच्या रेघा बघा, मग दुसरा. सरळ रेघ वाकडी किंवा मधे तुटलेली दिसली तर तो मॅक्युलाचा (पडद्याच्या मधल्या भागाचा) आजार असू शकतो. आणि भरपूर उजेडात, चष्मा बरोबर असताना, समोरची वाटी ताटात सापडत नसेल, वाचताना ओळ हरवत असेल, तर डोळ्याच्या डॉक्टरांबरोबर मेंदूच्या डॉक्टरांनाही दाखवावं. निरोगी म्हातारपण हळू येतं आणि दोन्ही डोळ्यांना साधारण सारखं येतं.

उजेडाचं गणित सोपं आहे आणि लोक ते उलटं करतात, छताला आणखी मोठा दिवा लावतात. नऊ वॅटच्या एलईडीतून साधारण ८०० ल्युमेन (एकूण प्रकाशाचं माप) निघतात. तोच बल्ब अडीच मीटर वर असेल तर पानावर थेट दहा लक्स (पानावर पडणाऱ्या उजेडाचं माप) पडतात, भिंतींवरून परतलेले थोडे अधिक. अर्ध्या मीटरवर आणला की अडीचशे. अंतर पाचपट कमी, उजेड पंचवीसपट. बिल तेवढंच. दिव्याला टोपी असावी, उघडा बल्ब नजरेत आला की मिळवलेलं विखुरण्यात जातं. ताटालाही हेच लागू. पांढऱ्या काचेच्या ताटात दहीभात दिसत नाही, गडद रंगाच्या ताटात शीत न् शीत दिसतं. पोह्यांचं तसं बरं आहे, वरून जिरावण मसाला नि शेव पडली की ते कुठल्याही बशीत दिसतात.

राहिला जिना. इंदुरातल्या घरोघरी कोटा दगड, पायरीचा तळवा आणि उभा भाग एकाच हिरवट राखाडी रंगाचा. वरून बघताना कड म्हणजे राखाडीवर राखाडी, म्हणजे थेट दंडपेशींची आणि लगाम सुटलेल्या दृष्टिकेंद्राची परीक्षा. प्रत्येक पायरीच्या अगदी कडेला, मागे सरकवून नाही, पाच सेंटिमीटर रुंदीचा पिवळा खरखरीत पट्टा लावावा. मागे सरकवला तर पाय पट्टा संपतो तिथे कड समजतो आणि घात होतो. पहिली आणि शेवटची पायरी विसरू नये, बहुतेक चूक ‘संपला जिना’ असं वाटण्यात होते. दगडावरची धूळ ओल्या फडक्याने काढून, पूर्ण वाळवून मग चिकटवा, पावसाळ्यात नको, कोपरे सुटतात आणि सुटलेल्या कोपऱ्यात चप्पल अडकते. रंग देणार असाल तर एनॅमल गुळगुळीत होतं, रंगाचा हात ओला असताना त्यात चिमूटभर बारीक वाळू भुरभुरवा. आणि जिन्यावर प्रोग्रेसिव्ह चष्मा नको. त्याचा खालचा भाग हातभर अंतरासाठी असतो, पायरी दीड मीटरवर असते, त्यामुळे नेमकी कडच धूसर होते. बाहेर पडताना फक्त लांबच्या नंबरचा साधा चष्मा वेगळा ठेवावा, दाराशी, चपलांच्या वरच्या खुंटीला.